नांगर टाकायचा कुठे? अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आतल्या जलमार्गाची पार्श्वभूमी

ऑक्टोबरच्या मध्यापासून व्हर्जिनियातल्या नॉर्फक बंदरात बोटींची गर्दी वाढू लागते. काही शिडाच्या, काही इंजिनाच्या, बऱ्याचशा ३४ ते ४२ फुटी. आणि पुष्कळ बोटींवर माणसं दोनच, नोकरीतून मोकळं झालेलं जोडपं. सगळे फ्लोरिडाकडे, किनाऱ्याच्या आतल्या जलमार्गाने दक्षिणेला निघालेले. थंडी हे एक कारण. दुसरं विम्याच्या कागदात असतं. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. त्या काळात बोट फ्लोरिडाच्या पाण्यात असली तर अनेक करारांत वादळाची भरपाई मिळत नाही किंवा तुटपुंजी मिळते. तरी हंगाम संपायच्या थोडं आधी, १ नोव्हेंबरपासून दक्षिणेला जाण्याची मुभा पुष्कळदा असते, त्यामुळे सगळे एकदमच निघतात.

जलमार्गाचे मैल नॉर्फकपासून मोजतात: नॉर्फकला शून्य, फ्लोरिडातल्या मायामीला साधारण १,०९०. हे मैल जमिनीवरचे, १.६ किलोमीटरचे, सागरी मैल धरून इंधन मोजलं की हिशेब चुकतो. ताशी सहा-सात मैलांच्या चालीने दिवसाकाठी पन्नासेक मैल होतात, म्हणजे नुसत्या चालीचेच बावीस दिवस. हवामान, उघडणारे पूल आणि दुरुस्त्या धरून महिना-दीड महिना सहज जातो.

या मार्गाची आखणी १८०८ च्या एका सरकारी अहवालात आहे. त्याच्या तीन वर्षं आधीच नॉर्फकजवळचा डिस्मल स्वॅम्प कालवा वाहतुकीला खुला झाला होता. तो दलदलीत उतरून खणला गुलामांनी. १८५९ मध्ये शेजारून दुसरा, जास्त खोल कालवा आला आणि माल तिकडे वळला. जुना कालवा आज जवळजवळ हौशी बोटींच्याच उपयोगाचा आहे. खोली सहा फुटांच्या आसपास, पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. त्या पाण्याने बोटीच्या नाकावर तपकिरी मिशी उमटते. ती ऑक्झॅलिक ॲसिडने जाते. पाण्यावर टिकलीएवढ्या शेवाळपानांचा थर असेल तर खरा त्रास इंजिनाला होतो. गार पाण्याची गाळणी गच्च होते आणि तापमानाचा काटा चढू लागतो. अशा वेळी इंजिन बंद करायचं, तळाचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गाळणी उघडून धुवायची, व्हॉल्व्ह पुन्हा उघडायचा आणि इंजिन सुरू केल्यावर धुराड्यातून पाणी पडतंय ना हे बघायचं. व्हॉल्व्ह उघडायचा राहिला तर पंपाचा रबरी पंखा मिनिटा-दोन मिनिटांत फाटतो.

दक्षिण कॅरोलायनातला खडकाळ तुकडा १९३६ मध्ये पुरा झाला आणि साखळी जुळली. १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्या किनाऱ्यालगत तेलवाहू जहाजं बुडवू लागल्यावर बार्जेसना याच आतल्या वाटेचा आधार झाला. पुढे महामार्ग आणि तेलवाहिन्या आल्या, माल ओसरला, आणि १९६० च्या दशकात फायबरग्लासच्या बोटी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या. वापरणारे बदलले, मोजमाप मात्र मालाचंच राहिलं. गाळ उपसायला केंद्राचा पैसा मिळतो तो प्रामुख्याने किती टन माल गेला ते बघून. जोडप्यांच्या बोटी त्या हिशेबात जवळपास शून्य. कागदावरची खोली फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्सपर्यंत १२ फूट आहे. जॉर्जियातल्या लिटल मड रिव्हरमध्ये ओहोटीला ती मिळेल या भरवशावर कोणी जात नाही. पाच फूट पाणी लागणारी बोट तिथे अर्ध्या भरतीनंतर, पाणी चढत असतानाच घालायची. रुतली तर तेच पाणी उचलून देतं. ओहोटी लागल्यावर रुतली तर सहा-आठ तास कलंडून बसायची तयारी ठेवायची.

फ्लोरिडाची गोष्ट वेगळी. तिथे एका खासगी कंपनीने राज्याकडून जमिनी घेऊन कालवे खोदले होते आणि आडव्या साखळ्या लावून टोल घेतला होता. १९२७ मध्ये पूर्व किनाऱ्यावरच्या काऊंट्यांसाठी (म्हणजे जिल्ह्यांसाठी) स्वतंत्र कर-मंडळ झालं आणि मालमत्ता करातून जलमार्गाला पैसा येऊ लागला. त्यामुळे तिथली वाट बरीच राखलेली आहे. काठावरचे बंगलेवाले ‘कर आमचा, पाहुणे फुकटचे’ म्हणतात त्याला एवढा आधार आहे. पण किनाऱ्यालगतच्या पाण्याखालची जमीन बहुतांशी राज्याची आहे, बंगल्याची नव्हे, आणि नांगर टाकणं हा प्रवासाचाच भाग मानला जातो.

बंगलेवाले आणि बोटवाले यांचं भांडण इथेच आहे आणि ते जागेचं आहे. जॉर्जियात ओहोटीला आठ फूट पाणी असेल, भरती आणखी आठ फूट चढणार असेल आणि बोटीचं नाक पाण्यावर चार फूट असेल, तर नांगराची साखळी या एकूण वीस फुटांच्या पाचपट, म्हणजे शंभर फूट सोडावी लागते. ओहोटीचंच पाणी धरून साठ फूट सोडली तर भरतीला प्रमाण तिपटीवर येतं आणि वाऱ्यात नांगर ओढला जातो. मायामीकडे भरती जेमतेम दोन-तीन फूट, साखळी कमी लागते. तरी वारा फिरला की बोट वर्तुळात फिरते, आणि बंगल्यांच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यात ते वर्तुळ कोणाच्या ना कोणाच्या धक्क्यापाशी पोचतंच.

गावोगावचे वेगवेगळे नियम थांबवण्यासाठी २००९ मध्ये राज्याने ठरवलं की मुरिंगच्या (तळाशी पक्क्या बसवलेल्या, बोट बांधायच्या तरंगत्या खुणांच्या) आखलेल्या जागांबाहेर नांगरावर स्थानिक बंदी घालायची नाही. अपवाद ‘लिव्ह-अबोर्ड’ बोटींचा. बोटीवर राहणारा तो लिव्ह-अबोर्ड, ही बोलीभाषा झाली. कायद्यातली व्याख्या होती ती केवळ निवासासाठी वापरलेली, प्रवासाला न वापरलेली बोट. किंवा जिच्यासाठी कायम वास्तव्याचं घोषणापत्र दाखल झालं आहे ती बोट. पहिल्या कसोटीला फिरतं जोडपं सुटतं. दुसरीत अडकू शकतं, कारण घर विकून निघालेली अनेक जोडपी वैयक्तिक उत्पन्न कर नाही म्हणून फ्लोरिडाचंच वास्तव्य घेतात. घोषणापत्रात पत्ता म्हणून बोट लिहिली, तर रोज पन्नास मैल चालणारी बोटही कायद्याच्या लेखी ‘राहती’ ठरू शकते. टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवेचा जमिनीवरचा पत्ता देण्याचा सल्ला जाणते देतात तो यासाठी. व्याख्येचा रोख गंजत पडलेल्या, इंजिन नसलेल्या सांगाड्यांवर होता, हे मान्य. शब्दांची मांडणी मात्र ढिसाळ होती.

२०१६ मध्ये मायामी बीचच्या सनसेट लेकसारख्या काही जागी रात्रीच्या नांगराला बंदी आली: सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत. इंजिन बिघडलं तर सवलत, तीही जास्तीत जास्त तीन कामकाजाचे दिवस. २०१७ मध्ये मरीना (हौशी बोटींचं बंदर) आणि बोटी उतरवण्याच्या उतारापासून १५० फुटांच्या आत नांगर न टाकण्याची अट आली. २०२१ मध्ये काऊंट्यांना आपल्या जलमार्गाच्या दहा टक्क्यांपर्यंतच्या भागात मुक्काम सहा महिन्यांत सलग ४५ दिवसांवर आणण्याची मुभा मिळाली. वाटेवरच्या जोडप्याला यातली शेवटची अट फारशी लागत नाही. लागते ती हिवाळा एकाच जागी काढणाऱ्यांना, आणि त्यांच्यासाठी फ्लोरिडातल्याच मॅरेथॉन नावाच्या गावी बूट की हार्बरमध्ये दोनशेहून अधिक मुरिंग आहेत, ज्यांना हंगामात प्रतीक्षायादी लागते.