मराठवाड्यातील विद्यापीठीय जलचर्चा

पाण्याची उपलब्धता, त्याचे वाटप आणि हवामानबदल या विषयांवर मराठवाड्यातील विद्यापीठे व त्यांच्या निकटच्या संस्थांमध्ये होणारी व्याख्याने, परिसंवाद आणि चर्चासत्रे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), परभणी आणि नांदेड ही मुख्य ठिकाणे. २२ मार्चच्या जागतिक जलदिनाचे कार्यक्रम सर्वांत अधिक दिसतात. अभ्यासाच्या दृष्टीने मात्र त्यांचे मोल बेताचेच.

आरंभ : या परंपरेचा आरंभ कोठे धरावा याविषयी एकमत नाही. काही जण तो मलिक अंबरच्या काळातील खडकीच्या (म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) नहरींपर्यंत, म्हणजे शहराला पाणी पुरवणाऱ्या पाटांपर्यंत, मागे नेतात. तथापि नहर बांधणे व पाण्याचा विद्यापीठीय अभ्यास करणे या वेगळ्या गोष्टी असल्याने हे मत फारसे ग्राह्य वाटत नाही. दुसरे मत १९७२ च्या दुष्काळाकडे बोट दाखवते. परभणीचे कृषी विद्यापीठही त्याच वर्षी मे महिन्यात स्थापन झाले. पण ही स्थापना दुष्काळाचा परिणाम नव्हे. ती प्रादेशिक मागणीतून, दुष्काळ पुरता जाणवण्यापूर्वीच झाली होती. तिसरे मत पैठणजवळ गोदावरीवर धरण बांधणाऱ्या जायकवाडी प्रकल्पाला आरंभबिंदू मानते आणि ते अधिक सयुक्तिक दिसते. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते प्रकल्पाची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. या दशकभरात पाणी हा अभियंत्यांपुरता विषय न राहता अर्थशास्त्र, भूगोल व कृषिविद्येच्या वर्गांत आला. १९८० मध्ये औरंगाबादेत जल व भूमि व्यवस्थापन संस्था (वाल्मी) सुरू झाली आणि चर्चेला कायमचे घर मिळाले. स्टॉकहोम जलपुरस्काराचे (१९९३) मानकरी माधवराव चितळे निवृत्तीनंतर याच शहरात राहिले, हेही येथील व्याख्यानपरंपरेच्या पथ्यावर पडले.

येव्याचा वाद : या चर्चांत सर्वाधिक वेळ एका आकड्याने खाल्ला आहे : पैठणपर्यंत गोदावरीत येणारे पाणी, म्हणजे येवा. जायकवाडीच्या नियोजनात ७५ टक्के विश्वासार्हतेचा येवा (म्हणजे शंभरांपैकी सुमारे ७५ वर्षे तरी मिळेल इतके पाणी) सुमारे १९६ टीएमसी (अब्ज घनफूट) धरला होता. त्यातील सुमारे ११५ टीएमसी नदीच्या वरच्या, नाशिक-नगरकडील भागासाठी आणि ८१ टीएमसी जायकवाडीसाठी गृहीत होते. धरणाचा उपयुक्त साठा २,१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे सुमारे ७६.६५ टीएमसी. पुढील फेरआकलनांत येवा मूळ अंदाजापेक्षा बराच कमी निघाला. घट का झाली, यावर अभ्यासकांचे दोन तट पडतात. मूळ आकडाच फुगवलेला होता, कारण तो अपुऱ्या वर्षांच्या व मोजक्या केंद्रांच्या नोंदींवर बेतला होता, असे एक तट म्हणतो. दुसऱ्याच्या मते आकडा त्या काळापुरता ठीक होता, पण नाशिक-नगरकडील धरणे, उपसा आणि शेततळी यांनी नदीत येणारे पाणी वाटेतच अडले. अलीकडे हवामानबदल हे तिसरे कारणही जोडले जाते. मात्र पन्नास वर्षांच्या प्रवाहनोंदींतून माणसाने अडवलेले पाणी वजा केल्यावाचून आभाळाचा वाटा ठरवता येत नाही, आणि ही वजाबाकी क्वचितच कोणी नीट मांडून दाखवतो. उपलब्ध पुराव्यांचा कल दुसऱ्या तटाकडे झुकतो.

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मधील कलम १२(६)(क) ने तुटीचे समन्यायी वाटप कायद्यात आणले. मेंढेगिरी अभ्यासगटाच्या अहवालाने (२०१३) १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर आधारलेली वाटपाची सूत्रे सुचवली. जायकवाडीत ६५ टक्के साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याची गरज नाही, हा त्यातील सर्वज्ञात भाग. प्राधिकरणाने २०१४ मध्ये ही सूत्रे स्वीकारली, मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्यांवर शिक्कामोर्तब केले. तेव्हापासून चर्चासत्रांत अभियंत्यांच्या बरोबरीने वकीलही बोलताना दिसतात.

खडक : भूजलावरील व्याख्याने तुलनेने कमी गाजतात, पण अधिक उपयोगी असतात. प्रदेशाचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टचा आहे. त्यात लाव्हाचे थर एकावर एक पसरलेले असून वरचा सच्छिद्र, झिजलेला भाग व मुरूम पाणी धरतो. खालचा काळा पाषाण फटी असतील तेथेच पाणी देतो. या खडकाची विशिष्ट जलदेयता साधारण १ ते ३ टक्के, म्हणजे घनमीटरभर खडकातून फार तर घागर-दोन घागरी पाणी. खोल बोअरमधून उपसले जाणारे पाणी पुष्कळदा शेजारच्या विहिरीचेच असते, ही गोष्ट भूशास्त्राचे अध्यापक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या भूशास्त्र संकुलात हा विषय शिकवला जातो.

हवामान : २०१४ व २०१५ या लागोपाठच्या वर्षांत मराठवाड्यात मोसमी पावसाची तूट सुमारे ४० टक्के होती. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात लातूर परिसरात अतिवृष्टी झाली. त्यामुळे चर्चेचा भर पावसाच्या सरासरीवरून त्याच्या वितरणाकडे सरकला : मोठे खंड, मग मोजक्या दिवसांत कोसळणारा पाऊस. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट आणि सप्टेंबर २०२१ चे पूर ही नेहमी दिली जाणारी अन्य उदाहरणे. एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रे आल्यावर पूर्वी तालुक्याच्या पर्जन्यमापकात न पडलेला पाऊसही नोंदला जाऊ लागला. तेव्हा ‘अतिवृष्टीची मंडळे वाढली’ या विधानातील काही भाग मापनाचा आहे. चर्चासत्रांतील तक्त्यांमध्ये हा भेद सहसा दाखवलेला नसतो.

ऊस हा विषय कोणत्याही सत्रात प्रश्नोत्तरांच्या वेळी हमखास निघतो. मराठवाड्यात उसावर बंदी घालावी असा प्रस्ताव विभागीय आयुक्तालयाने २०१९ मध्ये शासनाकडे पाठवला होता. पीकरचनेचा प्रश्न दराशी व कारखान्यांशी जखडलेला असल्याने जलतज्ज्ञ त्यावर बेतानेच बोलतात.

कृषी : वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात (२०१३ पर्यंत मराठवाडा कृषी विद्यापीठ) चर्चा अधिक व्यवहारी असते. तेथील कोरडवाहू संशोधन केंद्राने रुंद वरंबा सरी पद्धत, मूलस्थानी जलसंधारण (पाऊस पडतो तेथेच पाणी मुरवणे) व विहीर पुनर्भरण यांचा सातत्याने प्रसार केला. सोयाबीनसाठी रुंद वरंब्याचा दुहेरी फायदा सांगितला जातो, खंडात ओल टिकते आणि अतिपावसात सरीतून पाणी निघून जाते. पाऊस लांबल्यास कोणते पीक घ्यावे याचे आपत्कालीन नियोजन हा खरिपापूर्वीच्या मेळाव्यांचा ठरलेला विषय. जालन्याजवळील खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राचे मासिक चर्चासत्र विद्यापीठाबाहेरचे असले तरी विद्यापीठातील शास्त्रज्ञ तेथे नियमित येतात. त्याच जिल्ह्यातील कडवंची गावच्या पाणलोट कामाचे आणि पुढे वाढलेल्या द्राक्षबागांचे उदाहरण तेथूनच सर्वत्र गेले.

भाषा व नोंदी : व्याख्याने बहुतांशी मराठीत, शोधनिबंध इंग्रजीत. मराठवाड्याचे वक्ते टीएमसी वापरतात, शासकीय तक्ते दलघमी (१ टीएमसी = २८.३२ दलघमी). टिपणे प्रामुख्याने संस्थांच्या स्मरणिकांतून छापली गेली.