शिकत असताना कर्जाला व्याज लागत नाही?

मुलीला फिजिओथेरपीला घालणाऱ्या पालकांच्या तोंडी हे वाक्य वर्षानुवर्षं आहे: "कोर्स होईपर्यंत व्याज नाही, नोकरी लागली की फेडू." यातलं अर्धंच खरं आहे. कोर्स आणि पुढचं १ वर्ष हप्ता थांबतो. व्याज मात्र पहिली फी बँकेतून गेली त्या दिवसापासून चढतं.

हिशेब मांडून बघा. बीपीटीची, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीची ४ वर्षं आणि ६ महिने इंटर्नशिप धरू. दरवर्षी सुरुवातीला १.५ लाख उचलले, म्हणजे एकूण ६ लाख. दर १० टक्के, साधं व्याज धरलं तरी हप्ता सुरू होईपर्यंत २ लाख ४० हजार व्याज साचतं. फेडायची रक्कम होते ८.४ लाख. १० वर्षांच्या मुदतीत महिन्याला सुमारे ११,१०० रुपये! पहिला पगार २० हजार असेल तर निम्म्याहून जास्त पगार हप्त्यातच गेला.

गैरसमज बहुधा केंद्राच्या व्याज अनुदान योजनेमुळे पसरला असावा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ४.५ लाखांच्या आत असेल आणि संस्था, कोर्स पात्र असतील, तर या काळातलं व्याज सरकार भरतं. पण ते आपोआप मिळत नाही, उत्पन्नाचा दाखला जोडून अर्ज करावा लागतो.

इतरांनी जमेल तसं दरमहा व्याज भरत राहावं. पहिल्या वर्षी ते १,२५० रुपयेच असतं. आणि प्रवेशाआधी, गेल्या वर्षी पास झालेल्या मुलींना हातात किती पगार पडतो, हे त्यांनाच विचारा. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.