ट्रान्सफर : नक्कल की चित्र?
चित्रकलेच्या शिक्षकांमध्ये इमेज ट्रान्सफरचा, म्हणजे छापील चित्राची शाई दुसऱ्या कागदावर उतरवण्याचा, विषय निघाला की गाडी हटकून ‘नक्कल’ या शब्दावर अडते. याचं मूळ शाळेच्या जुन्या शिस्तीत आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत ट्रेसिंग म्हणजे पापच. स्थिरचित्र बघून काढायचं, स्मरणचित्र आठवून. कात्रणं डकवायला मात्र कुणाची ना नव्हती, कारण ते ‘चिकटकाम’, हस्तकलेच्या तासाचं. त्याचंच नाव कोलाज झालं तेव्हा ते चित्रकलेत मानाने बसलं. ट्रान्सफर अधांतरी राहिला. चित्र आयतं, पण उमटवलेलं हाताने.

खरं तर आयत्या चित्राची सवय जुनी. 1750 च्या दशकात इंग्लंडमध्ये तांब्याच्या पत्र्यावरची नक्षी पातळ कागदावरून भांड्यांवर उतरवत. 1912 मध्ये पॅरिसच्या एका चित्रात चिकटवलेलं वेतकामही रंगवलेलं नव्हतं, ते छापील मेणकापड होतं.

पण आपल्या वर्गात पोचलेला ट्रान्सफर झेरॉक्सच्या जमान्यातला. साध्या कागदावर प्रत काढणारं पहिलं यशस्वी ऑफिस यंत्र 1959 चं. त्याच सुमारास, 1958 ते 1960 मध्ये, न्यूयॉर्कच्या एका चित्रकाराने इटालियन कवी दान्तेच्या महाकाव्यातल्या ‘नरक’ या भागावर 34 चित्रं केली, सर्गागणिक एक. मासिकातलं छायाचित्र लायटरच्या इंधनाने भिजवून कागदावर पालथं घालायचं आणि मागून घासायचं. घासल्याच्या रेघांतूनच माणसं दिसतात. याला नक्कल म्हणणाऱ्याने ती चित्रं एकदा जवळून पाहावीत.

झेरॉक्सवर हे आणखी सोपं, कारण टोनर म्हणजे प्लॅस्टिकची पूड. थिनर लागला की सुटते. इंकजेटच्या प्रिंटला हा नियम लागू नाही, तिथे हमखास फसगत. शिवाय बंद खोलीत चाळीस मुलांसमोर थिनरची बाटली उघडणं मला तरी पटत नाही. म्हणून फेविकॉल किंवा अ‍ॅक्रिलिक जेलचा थर, त्यावर पालथी प्रत, रात्रभर वाळवण, मग ओल्या बोटाने कागदाचा लगदा चोळून काढणं. फेविकॉल पाण्याने पुन्हा मऊ पडतो; घाई केली की चेहऱ्याचं नाकच बोटाला चिकटून येतं. मथळा वापरला तर अक्षरं उलटी उमटतात, वेलांट्या भलतीकडे वळतात आणि वर्ग हसतो.

‘नक्कल’ वादाची कायदेशीर बाजू मात्र खरी आहे. त्याच न्यूयॉर्कच्या चित्रकारावर, 1970 च्या दशकातल्या एका कामात वापरलेल्या फोटोवरून, छायाचित्रकाराने दावा लावला. तो तडजोडीत मिटला. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात शिकवण्याच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतींना सूट आहे. तेच चित्र स्पर्धेला किंवा विक्रीला गेलं तर ही सूट गृहीत धरता येत नाही. मुलांनी स्वतः मोबाइलवर काढलेला फोटो घ्यावा आणि झेरॉक्सवाल्याला आधीच ‘मिरर करून दे’ म्हणून सांगावं.