बाळंतपणाची रजा आणि बापाचे १५ दिवस

केंद्र सरकारच्या कार्यालयातली एखादी लिपिक आज १८० दिवसांची प्रसूती रजा घेते. पगार पूर्ण मिळतो आणि रजेच्या खात्यातून एक दिवसही वजा होत नाही. या हक्काची मुळं मात्र कचेरीत नाहीत, मुंबईच्या गिरण्यांत आहेत.

१९१९ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत बाळंतपणाच्या रजेचा करार झाला. भारताने तो स्वीकारला नाही. कामगार नेते ना. म. जोशींनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक आणलं, तेही टिकलं नाही. शेवटी मुंबई इलाख्याने पुढाकार घेतला. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर गिरण्यांतल्या बायकांना प्रसूती लाभ देणाऱ्या विधेयकाच्या बाजूने बोलले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा. पण बाईच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकालाही हात झटकता येणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. १९२९ चा कायदा झाला, पण पैसे एकट्या मालकाने द्यायचे ठरले. बाळंतपणाचा खर्च समाजाचा, हा मुद्दा तिथेच मागे पडला, आणि मला तीच या कहाणीतली सर्वांत मोठी चूक वाटते. बाई नोकरीवर घ्यायची म्हणजे खर्च, हा हिशेब तेव्हापासून चालूच आहे.

१९६१ च्या देशव्यापी कायद्याने १२ आठवडे दिले. केंद्रीय कर्मचाऱ्यांची रजा बराच काळ ९० दिवसांची होती. पाचव्या वेतन आयोगानंतर, १९९७ मध्ये, ती १३५ दिवस झाली आणि सहाव्या आयोगानंतर, १ सप्टेंबर २००८ पासून, १८०. महाराष्ट्राने २००९ मध्ये तोच आकडा धरला. खासगी क्षेत्राला २६ आठवडे मिळायला २०१७ उजाडलं.

पण ‘सरकारी’ म्हणजे कोण? दिल्ली महापालिकेच्या रस्त्यांवर खोदकाम करणाऱ्या, हजेरीपटावरच्या रोजंदार बायकांना रजा नाकारली जात होती. ८ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला. आई कोण, हाही वाद कोर्टात गेला. सरोगसीतून मूल झालेल्या एका प्राध्यापिकेला २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने प्रसूती रजा मिळवून दिली. केंद्राच्या नियमांत ही तरतूद आली ती २०२४ मध्ये.

मूल फक्त सहा महिने लहान नसतं, हे नियमांना २००८ मध्ये उमगलं. केंद्राने महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बाल संगोपन रजा दिली. मुलाची दहावी, लांबलेलं आजारपण, अशा वेळी ती कामी येते. महाराष्ट्राने २०१८ मध्ये दिली, तीही १८० दिवसांची. एकाच वाड्यात राहणाऱ्या दोन आयांपैकी एक टपाल खात्यात आणि दुसरी तहसील कार्यालयात असेल, तर दोघींमधला हा फरक साडेपाचशे दिवसांचा आहे.

बायको हयात नसलेल्या किंवा बायको अंथरुणाला खिळलेली असलेल्या कर्मचाऱ्यालाही महाराष्ट्राने ही रजा दिली. केंद्राने त्याच वर्षी एकल पित्याला दिली. म्हणजे बाप पालक ठरतो तो आई नसेल किंवा आजारी असेल तेव्हा. आई घरात धडधाकट असेल, तर केंद्राच्या सेवेतल्या बापाला मिळतात १५ दिवस. १९९७ मध्ये ठरले तेवढेच.