ड जीवनसत्त्व: 20 की 30?

मुंबईतल्या पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टवर ड जीवनसत्त्व 24 (मिलिलिटर रक्तात इतके नॅनोग्रॅम) आलं, की शेजारी बहुधा ‘अपुरं’ असा शेरा असतो. माणूस धास्तावतो आणि आठवड्याला साठ हजार युनिटांची गोळी सुरू होते. हा शेरा आला कुठून?

ड कमी पडून मुलांची हाडं मऊ होतात, तो मुडदूस. तो उन्हाअभावी होतो, हे बर्लिनचे डॉक्टर कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी 1919मध्ये अतिनील दिव्याखाली मुलं बरी करून दाखवलं. रक्तातलं मोजमाप मात्र 1970च्या दशकात आलं. सुरुवातीला निरोगी माणसांत जे सापडेल तेच ‘नॉर्मल’. पण सगळा समाजच सावलीत बसणारा असेल, तर त्याची सरासरी काय कामाची? म्हणून संशोधक पॅराथायरॉइड संप्रेरकाकडे वळले. ड कमी पडलं की ते वाढतं आणि हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. ड 30 नॅनोग्रॅमच्या आसपास पोहोचलं की हे संप्रेरक स्थिरावतं, असं काही अभ्यासांत दिसलं. बाकीच्यांत तो टप्पा बराच खाली-वर निघाला.

2010च्या अखेरीस अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने हाडांचा हिशेब मांडला: 16ला निम्म्या लोकांची गरज भागते, 20ला जवळजवळ सगळ्यांची. पुढच्याच वर्षी एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेने 30ची रेघ ओढली, आणि बऱ्याच लॅबनी तीच उचलली.

त्याच वर्षी परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांचा अभ्यास आला. 25 ते 35 वयाच्या धडधाकट मुंबईकरांपैकी सुमारे 70 टक्के 20च्याही खाली! समुद्रकाठच्या, उन्हाने भाजणाऱ्या शहरात. दिवस ऑफिसात जातो, हे खरंच आहे. आणि ज्या कोवळ्या उन्हावर आपली भिस्त, त्या तिरप्या उन्हात त्वचेला ड बनवायला हवे असलेले किरण फार थोडे. ते दुपारच्या उन्हात असतात. तरी 20 ही जवळपास सगळ्यांना पुरणारी पातळी आहे. तिच्या खालचा प्रत्येकजण आजारी ठरवणं मला पटत नाही. 12च्या खाली गेल्यावर हाडं मऊ पडण्याचा धोका असतो, यावर मात्र फारसे मतभेद नाहीत.

2024मध्ये एंडोक्राइन सोसायटीनेच 30चा आग्रह सोडला आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी नको असं सुचवलं. हाडं दुखणारे, पडताच हाड मोडणारे, जुनाट यकृत-मूत्रपिंडाचे रुग्ण यांना तो सल्ला लागू नाही. त्यांची तपासणी व्हायलाच हवी.