विषय समिती (माध्यमिक शाळा)

माध्यमिक शाळेत एकच विषय किंवा एकच वर्ग शिकवणाऱ्या शिक्षकांचा, मुलांच्या उत्तरपत्रिका आणि पाठाच्या तयारीची टाचणे समोर ठेवून अध्यापन सुधारणारा गट. जपानी शाळांत 'जुग्यो केंक्यू' म्हणजे पाठ-अभ्यासाची जुनी रीत आहे : एकजण पाठ घेतो, बाकीचे मुलांकडे लक्ष ठेवतात, मग सगळे मिळून पाठ दुरुस्त करतात. भारतात कोठारी आयोगाने (१९६४–६६) शाळा संकुलाची, म्हणजे जवळपासच्या शाळांनी मिळून काम करण्याची कल्पना मांडली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती पुन्हा पुढे आणली.

मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद प्रशाला असोत की संस्थांच्या शाळा, जूनमध्ये समित्या नेमल्या जातात आणि इतिवृत्ताचे रजिस्टरही भरते. समिती खरोखर चालते का, हे मात्र वेळापत्रकावरून कळते. गणिताच्या दोघा शिक्षकांना आठवड्यातून एक तरी तास एकाच वेळी ऑफ नसेल, तर बैठक फक्त सह्यांपुरती उरते.

समजा, आठवीच्या चाचणीत गणित आहे : मुद्दल ५,००० रुपये, दर द.सा.द.शे. २, मुदत ३ वर्षे, सरळव्याज किती? उत्तर ३०० रुपये. एका मुलाने ३,६०० लिहिले, तर शिक्षक फुली मारून पुढे जातात. पाच-सहा पेपरांत तेच ३,६०० दिसले की थांबावे लागते. गावात 'शेकडा दोन' म्हणजे महिन्याला दोन. मुलांनी छत्तीस महिने धरले. आकडेमोड बिनचूक, 'दर साल' तेवढे निसटले. इथे गणितापेक्षा मराठीच्या बाईंची मदत जास्त होते.

एका इयत्तेची एकच तुकडी असलेल्या शाळेत गणिताचा शिक्षक बहुधा एकच. त्याची विषय समिती म्हणजे तो स्वतः! तिथे नववीला शिकवणाऱ्या सगळ्यांचा इयत्तागट बरा पडतो, नाहीतर शेजारच्या गावातला जोडीदार शोधावा लागतो. लातूर पॅटर्नशी याची गल्लत करू नये. तो मुख्यतः अकरावी-बारावीचा, भर सराव परीक्षांवर. विषय समितीचे काम पेपर तपासून झाल्यावर सुरू होते.

बीड आणि आसपासच्या ऊसतोड पट्ट्यात आणखी एक पेच असतो. दिवाळीच्या सुमारास काही मुले आई-वडिलांबरोबर कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. पुढच्या इयत्तेचा पाया असलेले घटक आधी उरकायचे, असा क्रम नववीचे शिक्षक मिळून लावू शकतात. दहावीची बोर्डाची परीक्षा मार्चच्या आसपासच येते. तिथे तेवढा हात मोकळा नसतो.