डच कलेतील दारिद्र्य व वार्धक्य

नेदरलँड्सच्या कलेत गरीब आणि म्हातारी माणसे वारंवार भेटतात. मात्र चित्र कोणासाठी काढले, यावर ती कशी दिसणार हे ठरत आले. आल्कमारच्या सेंट लॉरेन्स चर्चसाठी १५०४ मध्ये रंगवलेल्या सात फलकांत भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र अशी दयेची सात कृत्ये आहेत. तिथे गरजूंच्या गर्दीत खुद्द ख्रिस्त उभा दिसतो. गरिबाला दिलेले दान त्यालाच पोचते, हा त्यामागचा विचार.

वार्धक्य म्हणजे दारिद्र्य असे मात्र समजू नये. निकोलास मासच्या चित्रात (सु. १६५६) एक वृद्धा साध्या जेवणापुढे डोळे मिटून प्रार्थना करते आहे आणि मांजर खालून टेबलावरचे कापड पंजाने ओढते आहे. विषय भक्तीचा आहे, हलाखीचा नाही. फ्रान्स हाल्सने १६६४ च्या सुमारास हार्लेमच्या वृद्धाश्रमासाठी दोन मोठी चित्रे केली. त्यांत आश्रमातले म्हातारे नाहीतच. आहेत ते तिथले विश्वस्त स्त्री-पुरुष आणि त्यांचे सेवक. हाल्स स्वतः तिथे राहत होता आणि त्याने चित्रांतून विश्वस्तांवर सूड उगवला, ही कथा मुळीच खरी नव्हे. त्याला नगरपालिका वर्षाला २०० गिल्डर (तेव्हाचे डच चलन) देत होती.

रेम्ब्रांटने लायडनमध्ये १६३० च्या आसपास भिकाऱ्यांची छोटी अम्लरेखने (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून काढलेले छाप) केली. फ्रेंच मुद्राचित्रकार झाक कालो याच्या भिकारी-मालिकेचा प्रभाव त्यांवर स्पष्ट आहे. त्यांतल्या एका बसलेल्या भिकाऱ्याला रेम्ब्रांटने आपलाच चेहरा दिला. ते चित्र जेमतेम ११.६ × ७ सेंमी आहे.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८२ मध्ये द हेग येथे वृद्धाश्रमातल्या माणसांना पैसे देऊन समोर बसवले. आद्रियानस झाउडरलांड हा त्याचा आवडता मॉडेल: टक्कल, पांढरे कल्ले, छातीवर जुन्या लढाईचे पदक. अशी रेखाचित्रे काढताना व्हॅन गॉग सुताराची जाड पेन्सिल वापरी. तिची चकाकी मारण्यासाठी आणि रेषा पक्की करण्यासाठी तो चित्रावर दूध-पाणी ओती. त्यामुळे जलरंगाचा जाड कागदच लागे, पातळ कागद सुरकुतला असता. मुठींत तोंड लपवून खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्याचे शिलामुद्रण (दगडावरच्या चित्राचा कागदावर घेतलेला छाप) त्याने नोव्हेंबर १८८२ मध्ये केले. चित्र आधी विशेष कागदावर काढून मग दगडावर उतरवल्याने ते उलटे छापले गेले नाही. ‘बटाटे खाणारे’ (१८८५, न्यूनेन) या चित्राचे शिलामुद्रण मात्र त्याने थेट दगडावर काढले आणि छापात डावे-उजवे बदलले. मूळ तैलचित्रात दिव्याखाली जेवणारे हात मुद्दाम खरबरीत रंगवले आहेत. ज्या हातांनी जमीन खणली तेच ताटात जातात, हे त्याला दाखवायचे होते.

खुर्चीतला तो म्हातारा त्याने फ्रान्समधल्या सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात मे १८९० मध्ये पुन्हा तैलरंगात रंगवला. हे चित्र आता नेदरलँड्समधल्या ओटर्लोच्या क्रोलर-म्युलर संग्रहालयात आहे.